मोळीवाली गोष्टीत नव्हती

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. नोकरीत असताना, पोराला ताप आला की आधी भगताकडे धावणाऱ्या पालकांशी मी भांडलेलो आहे. तरीही हे लिहितोय, कारण माझ्या एका वाक्यामुळे एका बाईंच्या नावाला लागलेला डाग अजून तसाच आहे...

शहापूर तालुक्यात खर्डी स्टेशनवरून रिक्षाने आत गेलं की आमची शाळा. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे भातखाचरं, त्यापलीकडे जंगल. मी मुख्याध्यापक होतो. लहान मुलांसाठी मुरबाडच्या सुषमा बाई मानधनावर आल्या होत्या. मुलं घडाघडा वाचायची, पण काय वाचलं विचारलं की गप्प. बाईंनी परीकथा सुरू केल्या. आधी गोष्ट वाचून दाखवायची, मग एकेकाला व्हरांड्यात बोलावून विचारायचं – गोष्टीत कोण कोण होतं? कुणी काय केलं? का केलं? एकाचं ऐकून दुसऱ्याने सांगू नये, म्हणून एकेकटं. मुलं बोलायला लागली.

एकदा मधल्या सुट्टीत बाई म्हणाल्या, "गुरुजी, मुलं गोष्टीत एक बाई जास्तीची सांगतात. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन दारात उभी असते म्हणे. राजवाडा असो, परीची बाग असो... मी वाचलेलीच नाही ती."

मी हसलो. "यांच्या आया रोज मोळ्या आणतात. पोरं दुसरं काय सांगणार?"

"मग एकदा तुम्हीच घ्या वर्ग."

घेतला. मुद्दाम समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या मासोळीराणीची गोष्ट रचून सांगितली, तिथे जंगलाचा संबंधच नको म्हणून. मग गणूला बाहेर बोलावलं.

"राणी, खेकडा, आंधळा कोळी... नि मोळीवाली."

"पाण्याखाली लाकडं कशाला आणेल रे ती?"

"मला काय माहीत? तिलाच विचारा ना तुमी."

त्याला व्हरांड्याच्या टोकाला बसवून यमीला बोलावलं. तिनेही तेच सांगितलं. मग तिसऱ्या मुलीने, चौथ्या मुलाने...

यमीला मी विचारलं होतं, "ती करते काय तिथे?"

"उभी हाय. मोळी उतरवायला कोणी हातच लावत नाय तिला. राणी नाय, कोळी नाय." मग माझ्याकडे बघून सहज म्हणाली, "तुमी पण बाजूनं निघून गेलात, गुरुजी."

घंटा झाली. दप्तरं घ्यायला सगळी वर्गात शिरली आणि बाहेर पडू लागली. दारातून येताना प्रत्येक पोर अंग चोरून, मान खाली घालून, वाकून येत होतं. चौकट त्यांच्या डोक्यापेक्षा कितीतरी उंच होती.

"वाकता कशाला रे?"

"लाकूड लागंल."

मी फळा पुसायला आत गेलो. भर उन्हाळ्यात खोलीत ओल्या लाकडाचा वास कोंडला होता. निघताना दाराशी आलो... आणि मीही वाकलो. का, ते सांगता येत नाही. बाई समोरच उभ्या होत्या. त्यांनी पाहिलं.

त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या गोष्टीतच तिची मोळी उतरवून घेते. कुणीतरी हात लावायला हवा, गुरुजी."

मी म्हणालो, "उद्यापासून गोष्टी बंद."

पण तोवर गावात बोभाटा झाला होता. गणूचे वडील चार जणांना घेऊन आले. "जेवायला बसली तरी पोरं दारात जागा सोडतात. ही बाई काय नाय ते शिकवते." मग तालुक्याहून साहेब आले. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही स्वतः काही पाहिलंत?"

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "बाईच मुलांच्या डोक्यात भरवतात."

माझी निवृत्ती तोंडावर आली होती. मुख्याध्यापक भुताला वाकला, हे मला ऐकायचं नव्हतं. बाईंना काढलं. पुढे पुन्हा कोणत्याही शाळेने त्यांना घेतलं नाही.

गेल्या महिन्यात मुरबाडला एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस कुजबुजला, "ती वाढतेय ना, ती भुताची बाई." मान वर केली तर सुषमा बाई. केस पिकलेले. माझ्या पानात भात वाढून त्या पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर शिकवणीची मुलं बसली होती. मी जे करायचं ते केलं, हात जोडले. म्हटलं, खरं काय ते लिहितो, तुमचं नाव घालू का?

"घाला की. नाहीतरी माहीतच आहे सगळ्यांना." मग म्हणाल्या, "तुमचंही घाला."

या लेखासोबत माझंही नाव पाठवलं आहे, संपादकांनी छापावं.

निघताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "ही मुलं... अजून सांगतात का?"

"गोष्टी सोडल्या मी, गुरुजी," बाई म्हणाल्या. "आता फक्त गणित घेते."

ती मोळीवाली कोण होती, मी मनाने रचलेल्या गोष्टीत ती कशी शिरली, मला आजही माहीत नाही. बाई खोटं बोलत नव्हत्या, हे मात्र मला त्याच दिवशी माहीत होतं.