दुसरा धोटा

परळच्या एका इस्पितळात मी ऑक्युपेशनल थेरपी शिकत होते तेव्हाची गोष्ट. आठवली की अजून किळस येते, आणि त्यातली बरीचशी स्वतःचीच.

आमच्या खोलीत एक लहानसा हातमाग होता. ज्या म्हाताऱ्यांना नुकतंच विसरायला होऊ लागलं होतं, त्यांना दर मंगळवारी बोलावून त्यावर बसवायचं. हाताला काम मिळालं की डोकं ताळ्यावर राहतं, असं आम्हाला शिकवलेलं. त्यांत एक मालवणकडचे आजोबा होते, गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, चाळीस वर्षं विणकर. सकाळी काय खाल्लं ते सांगता यायचं नाही, पण आडवा धागा नेणारा लाकडी धोटा हातात आला की आत सुताची कांडी बसवून, भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचे. गिरणीतली रीतच ती. दुसरे करी रोडच्या चाळीतले, नुकतेच घरादारासह बौद्ध झालेले. दुकानातून घरी येताना वाट चुकायचे. त्यांची लेक म्हणाली, "घरी नुसते भिंतीकडे बघत बसतात, ताई. इथून आले की दोन दिवस बोलतात तरी."

मला वाटलं, एकाने दुसऱ्याला शिकवावं. आणि जमलं की! "असो धर रे. आता तोंडान वढ." विणकर दर वेळी नाव विचारायचे, दुसरे दर वेळी हसून सांगायचे. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा गेला की दोघंही मूठ वर करून "झालाच पाहिजे!" ओरडायचे. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

चौथ्या मंगळवारी विणकरांनी विचारलं, "इतको हुशार तू, साचेखात्यात कसो नाय गेलंस?"

"आम्हाला घेत नव्हते," ते सहज म्हणाले. "धोट्याला तोंड लावावं लागतं ना. आमचा विटाळ व्हायचा."

विणकरांनी धोटा टाकला. तिथेच थुंकले. मग नळाशी जाऊन चुळांवर चुळा भरत राहिले. सगळं विसरलेला माणूस, एवढं मात्र चोख लक्षात!

आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "स्वच्छतेच्या दृष्टीने वेगवेगळे धोटे ठेवा." तीन आठवडे एकच धोटा दोन तोंडांना लागत होता, तेव्हा ही स्वच्छता कुठे शेण खायला गेली होती? पण शिवाजी पार्कच्या शिकल्यासवरल्या घरातली मी, निमूटपणे दुसरा धोटा आणला आणि ओळखू यावा म्हणून त्याला लाल दोरा बांधला. तो कोणाला द्यायचा, हे मला कोणी सांगावं लागलं नाही.

पुढच्या मंगळवारी लेक एकटीच आली. "बाबा येत नाही म्हणतात. आपला जिना कुठला ते आठवत नाही त्यांना, पण ते आठवतं."

विणकरांना मात्र त्या थुंकण्याचं काहीच आठवत नव्हतं. बाकावर शेजारची जागा हाताने झटकत त्यांनी विचारलं, "बाय, तो माझो शिकाऊ खंय गेलो?"

"बस चुकली असेल," मी म्हटलं.

त्यानंतरच्या प्रत्येक मंगळवारी त्यांनी हेच विचारलं, आणि दर वेळी मी त्यांना हेच सांगितलं.