माझ्या भावाचा डावा हात

माझा धाकटा भाऊ लाँड्रीत इस्त्री करायचा. बावीस वर्षं. आणि सुट्टीच्या दिवशी चौघांच्या बँडमधे बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे ती चार जाड तारांची. चालू असताना कुणी बघत नाही आणि बंद पडली की गाणं लंगडतं, असं तोच म्हणायचा.

त्याला एकच वेड, गाण्याचा शेवट. सगळे थांबायच्या आधी बेसने वरून खाली सरसर उतरायचं आणि शेवटच्या ठोक्याला सगळ्यांबरोबर टेकायचं. हा कायम एक पाऊल मागे. कीबोर्डवाले मास्तर म्हणायचे, "अरे गाडी सुटली, तू अजून तिकीट काढतोयस!" मग शेवट ड्रमवाल्याकडे जायचा.

घरी स्पीकर लावला की शेजारी ओरडायचे. म्हणून गिटारचं लाकूड कपाटाच्या दाराला टेकवून वाजवायचा. अख्खं कपाट घुमायचं, आतले हँगर खुळखुळायचे. मी समोर बसून भाजी चिरत असायची.

"ताई, आला का आता बरोबर?"

मला काय कळतंय त्यातलं. म्हणायची, आला आला.

"खोटारडी. सुरी कुठे थांबली तुझी?"

चार वर्षं घासलं त्याने. मग एक दिवस खरंच सुरी थांबली माझी. मास्तरांनी ऐकलं, म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याचा शेवट तुझा." पंचेचाळिशीचा घोडा, पण घरभर नाचला.

महिन्याभरात किडन्या गेल्या. मशीनवर रक्त धुवायचं तर आधी एका हातातल्या शिरा जोडून घ्याव्या लागतात, छोटं ऑपरेशन असतं. तो तापाने ग्लानीत पडलेला. डॉक्टरांनी मला विचारलं, "यांचा कामाचा हात कोणता?" मी पटकन म्हणलं, उजवा. इस्त्री उजव्या हाताने धरतो ना तो. त्यांनी उजवा वाचवला आणि डाव्यात ऑपरेशन केलं.

तारा दाबायच्या डाव्या हाताने. चार वर्षं डोळ्यांनी बघत होते मी. तरी तोंडातून उजवाच निघाला.

त्या हाताची बोटं गार पडली, मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, होतं असं कुणाकुणाला. तो बोटं कोमट पाण्यात बुडवायचा, पुसायचा आणि परत कपाटाला टेकून बसायचा. कपाट घुमायचं, पण मधेमधे सूर गळायचे, दात पडल्यासारखे. माझ्याकडे बघायचा नाही तेव्हा. विचारायचाही नाही.

कार्यक्रमाला उभा राहिला मात्र. शेवटचं गाणं आलं, मास्तरांनी त्याला खूण केली. त्याने नाही म्हणून मान हलवली आणि ड्रमवाल्याकडे बोट दाखवलं. शेवट ड्रमवाल्याने घेतला. टाळ्या पडल्या. हा हसत होता.

गाडीतून परत येताना म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी विचारलं असतं ना, तर मी उजवा दिला असता. तार छेडायला नुसता अंगठा पण चालतो. आणि इस्त्री काय, डाव्याने शिकलो असतो."

उद्या सांगू, जरा बरा झाला की सांगू, असं करत सात आठवडे गेले आणि तो गेला.

विचारलं होतं रे त्यांनी. मला विचारलं होतं.