उमाजीची हाक

दीपिकेचे कान लहानपणापासून तिखट. पालमच्या एका मंडपवाल्याकडं चार वर्षं भोंगे लावता लावता ती आवाजाचं काम शिकली, आणि भावकीनं नाकं मुरडली तरी मागं हटली नाही. गंगाखेडच्या रामहरीनं वीस मिनिटांची फिल्म काढायला घेतली, तेव्हा आवाजाचं सगळं काम हिच्याकडंच आलं. पैशाच्या नावानं ठणठणाट. त्यामुळं वारा अडवायला माइकवर टोपी घातली ती घरच्याच मेंढीच्या लोकरीची.

फिल्मच्या शेवटी म्हातारा मेंढपाळ मेंढरांना हाक मारतो. ती हाक दीपिकेला बापाची, उमाजीची हवी होती. उमाजी आधी ऐकेचना. त्याचं म्हणणं, हाक उगी मारायची नसते; एकदा खोटी हाक दिली की मेंढरू पुन्हा भरवसा ठेवत नाही. शेवटी पोरीच्या हट्टापुढं नमला, पण संध्याकाळी मेंढरं खरंच गोळा करायच्या वेळेलाच त्यानं हाक मारली.

दोन दिवस तिनं ती हाक लॅपटॉपवर घासूनपुसून स्वच्छ केली. मागं ट्रॅक्टरची घरघर होती, ती काढली. एकीमागं एक अशा पाच हाका जोडल्या. आता उद्या दुपारपर्यंत फिल्म महोत्सवाला पाठवायची होती. हेडफोनवर झकास वाटत होतं, पण मोठ्या हॉलात कसं वाटेल? मंडपवाल्याकडची खोड, दुसरं काय! बाईनं पिंगळीतल्या घराच्या अंगणात मोठा स्पीकर मांडला आणि भर दुपारी आवाज सोडला. घरासमोरच्या रेल्वेच्या रुळांपलीकडं पडीक रानात बापाची मेंढरं बसलीत, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. एवढी कानाची तिखट, पण अक्कल त्या वेळी कुठं चरायला गेली होती कोण जाणे.

तिसऱ्या हाकेला तिनं मान वर केली. साठ मेंढरं उठून सरळ रुळांवर चढत होती. आणि परभणीकडून गाडीची शिट्टी आली.

तिचा हात बटणावर गेला आणि तिथंच थिजला. हाक थांबली की मेंढरं जागच्या जागी उभी राहून कान देतात, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. आता बंद केलं तर रुळांमध्येच थांबतील. तिनं आवाज पुरता वाढवला. पाचवी हाक संपायच्या आत पुन्हा पहिलीपासून लावली.

पलीकडं बोरीखाली डुलकी लागलेला उमाजी धडपडत उठला. त्यानं हाक मारली असती तर निम्मी मेंढरं मागं वळली असती, आणि मग काही खरं नव्हतं. त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण बापानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं आणि हातांनीच मागची कोकरं पुढं रेटायला लागला. शेवटचं कोकरू काखेत मारून तो अलीकडं उतरला, आणि मागून गाडी धडधडत गेली.

मेंढरं अंगणात येऊन स्पीकरला हुंगत राहिली. उमाजी घामानं निथळत होता. तो मारेल असं दीपिकेला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दीपे, ती हाक माझी न्हाई, ह्यांची हाय," तो म्हणाला. "पुसून टाक."

तिनं त्याच्यासमोर सगळ्या प्रती पुसल्या. रामहरी फोनवर उखडला, शेवटाशिवाय फिल्म पाठवू कशी म्हणून. पडद्यावर पहिल्यांदा नाव येणार होतं, ते गेलं म्हणून ती चुलीपुढं बसून रडली. त्या संध्याकाळी उमाजीच्या खऱ्या हाकेलाही मेंढरं दोनदा थबकून मग आली. त्यानं पोरीकडं बघितलं नाही.

सकाळी तोच अंगणात येऊन बसला, माइक काढ म्हणाला. मेंढरं दहा पावलांवर होती. त्यानं डोळे मिटले आणि हाक मारली. लांब, अंगावर काटा आणणारी. दीपिका दचकून उठली, आता सगळी उठतील म्हणून.

"बस. ही कुनाचीच न्हाई, आत्ताच रचली," उमाजी म्हणाला.

फिल्म वेळेत गेली. आधीच्यापेक्षा ही हाक लय खरी वाटते, असं रामहरीनं कळवलं. त्या हाकेला साठातल्या एकाही मेंढरानं मान वर केली नव्हती.