पोटावर वरवंटा ठेवून

अमेरिकेत, श्रूजबरीत आमच्या कुंपणापलीकडे एक निवृत्त शिक्षक राहायचे. त्यांचे आजोबा आयर्लंडहून आलेले, आणि तिथली जुनी कविता हे यांचं वेड. आमच्या लेकीने लहानपणी त्यांना ‘काका’ म्हणून हाक मारली, तेव्हापासून रस्त्यावरच्या सगळ्या देशी घरांचे ते काका झाले.

एकदा टोमॅटोंना पाणी घालता घालता त्यांनी मला त्या कवितेचे नियम सांगितले. ओळीत अक्षरं सातच. प्रत्येक ओळीत निदान दोन शब्द एकाच ध्वनीने सुरू व्हायला हवेत. यमकांचे कायदे तर आयकर खात्याला लाजवतील असे. आणि कविता ज्या शब्दाने सुरू होते, त्याच शब्दावर संपली पाहिजे. नाहीतर ती उघडीच राहते, दार लावायचं विसरल्यासारखी.

मी पडले पुण्याची. “आमच्याकडे अशी वृत्तं शाळेत शिकवतात,” असं बोलून गेले.

त्यांनी ते नीट लक्षात ठेवलं. उन्हाळ्यात त्यांचं घर विकलं गेलं, मुलाकडे दूर दक्षिणेला शुगर लँड गावी जायचं ठरलं, तेव्हा म्हणाले, “भेटवस्तू नको. एक बंद झालेली कविता दे. मराठीत चालेल.”

“पण तुम्हाला कळणार कशी?”

“मला मोजता येतं,” काका म्हणाले.

पहिली ओळ पटकन सुचली. ‘काका, कुंपणापाशी’. सात भरली, ‘क’ला ‘क’ जुळला, मी खूश. पुढे मात्र ओळी आठवर जायच्या नाहीतर सहावर अडायच्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी टेबलाखाली बोटं मोजत बसले होते, तर मॅनेजरने विचारलं, काही अडचण आहे का? आहे, पण तुमच्या आवाक्यातली नाही, असं सांगावंसं वाटलं.

शेवटी काकांनीच तोडगा सांगितला. पूर्वी कवितेचे विद्यार्थी म्हणे अंधाऱ्या खोलीत पोटावर दगड ठेवून पडायचे, म्हणजे मन भटकत नाही. अंधार कपड्यांच्या क्लोझेटमध्ये मिळाला. दगड म्हणून पुण्याहून हौसेने आणलेला वरवंटा होता. मिक्सरमुळे त्याला इथे दुसरं काही कामच नव्हतं.

इस्त्रीचा शर्ट घ्यायला नवऱ्याने दार उघडलं आणि किंचाळला. “अगं! काय होतंय? नाइन-वन-वनला कॉल करू का?”

“गप्प बस. सहावं अक्षर चालू आहे.”

मागून लेक डोकावली. “मॉम, धिस इज सो वियर्ड,” म्हणाली आणि फोटो काढून गेली.

खरं घोडं पेंड खात होतं ते शेवटच्या शब्दापाशी. कविता ‘काका’वर संपवायची, तर ते दर वेळी जेवायला हाक मारल्यासारखं वाटायचं. वरवंट्याखाली पडल्या पडल्या मला कळलं की मी नुसती त्यांची तारीफ करत सुटले होते. मला ते जायला नको होते, आणि नेमकं तेवढंच कवितेत नव्हतं. मग शेवटची ओळ आपसूक आली.

सामानाचा ट्रक दारात उभा असताना, त्यांच्या रिकाम्या अंगणात मी कविता वाचली. काका डोळे मिटून बोटांवर मोजत होते. तिसऱ्या ओळीला त्यांनी एक डोळा उघडला.

“आठ.”

होती खरी आठ. मी तिथेच एक शब्द बदलला आणि पुढे वाचत राहिले. शेवटची ओळ आली. आधीच्या ओळीत उद्याचं कुंपण होतं, आता ‘कोण थांबेल’ एवढं म्हटलं आणि मी अडले. पुढचा एक शब्द काही केल्या बाहेर पडेना. नवरा कावराबावरा झाला, लेकीने फोन खाली केला.

काका थांबले होते. त्यांची पाच बोटं मिटलेली, दोन उघडी. मराठीतला त्यांना एवढा एकच शब्द येत होता.

“काका,” ते हलकेच म्हणाले आणि उरलेली दोन बोटं मिटली.