सोनीच्या मापाच्या बांगड्या

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गावदेवीशी भांडायलाच निघाले होते. ऊन मी म्हणत होतं, आईने अन्न टाकलं होतं, आणि तरी तिचा हेका एकच, "बांगड्या देवीला वाहून ये गो." दरसाल होळी सरली की आई धसईच्या बाजारातून हिरव्या बांगड्या आणायची आणि माझ्या धाकट्या बहिणीच्या, सोनीच्या नावाने देवीपुढे ठेवायची. आधी चिमुकल्या, मग हळूहळू मोठ्या मापाच्या. हरवली तेव्हा सोनी जेमतेम चार वर्षांची. तिचा हात आईने मनातल्या मनात वाढवत नेला होता.

आईबाबा वीटभट्टीच्या कामाला निघाले होते, सोनी त्यांच्याबरोबर. मी गावी आजीजवळ. कल्याणला स्टेशनच्या गर्दीत पोरीचा हात सुटला तो सुटलाच. बाबांनी शोधायचं काही बाकी ठेवलं नाही. पुढे कानावर आलं, की अशी एक पोर कुठल्याशा आश्रमात होती, तिला परदेशी दत्तक दिली. परदेश म्हणजे कुठे, हे सांगणारं कोणी भेटलं नाही. कल्याणपलीकडे न गेलेली आम्ही माणसं, विचारणार तरी कुणाला? बाबा त्याच घोरात गेले. आई मात्र देवीला चिकटून राहिली आणि मला तिचा राग यायचा. आता तिच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. सोनीची भेट न होता ती अशीच तळमळत जाणार, ही भीती माझ्या उरावर बसली होती. म्हणून वाटभर मी देवीला सुनावत गेले, "बाय, या शेवटच्या बांगड्या. आता तुझं तू बघ."

देवीचं ठाणं मोहाच्या झाडाखाली, शेंदूर लावलेले दोन दगड. तिथे सावलीत एक गाडी उभी. माझं टाळकंच सरकलं. हल्ली आमच्याकडे अनोळखी गाडी थांबली, की जमीन घेणारे आले असंच सगळे धरून चालतात आणि कोणी धड उत्तर देत नाही. मीही लांबूनच ओरडले, "जमीन विकायची नाय आमाला! निघा इथून!"

गाडीतून दोघी उतरल्या. एक ठाणे शहरातल्या बाई, मराठी बोलणाऱ्या. दुसरी पँट-शर्टातली, रंगाने आमच्यासारखीच सावळी, पण तिला आपला एक शब्द कळत नव्हता. ती माझ्याकडे दोन पावलं आली आणि उन्हाने भोवळ येऊन खालीच बसली. माझा राग कुठल्या कुठे गेला. देवीसाठी नेलेलं तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं, शर्टाची बटणं सैल केली, ओल्या पदराने पोट पुसायला गेले आणि हात तिथेच थांबला.

बरगडीखाली अर्धगोल डाग होता, मधोमध तुटलेला. तसाच एक बेंबीशेजारी.

पूर्वी तान्ह्या पोराचं पोट फुगलं, की आमच्याकडे तापवलेलं लोखंड टेकवायचे. आता कोणी करू नये तसं, पण तेव्हा दवाखाना लांब आणि जायला रस्ता नाही. माझ्या आजीचं एक लोखंडी कडं होतं, मधे फट असलेलं. त्याचा डाग आमच्याच घरच्या पोरांच्या अंगावर. माझ्याही पोटावर आहे.

ती सावरली तशा बाई सांगू लागल्या. ही परदेशात वाढलेली, जन्मदात्यांना शोधायला आलेली. आश्रमातल्या एका म्हाताऱ्या आयाला एवढंच आठवत होतं, की ही पोर 'धसईचा बाजार' असं काहीतरी म्हणायची. त्यावरून दोघी गावोगाव फिरल्या, पण जमीनवाल्या समजून कोणी दारात उभं केलं नाही. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. मग बाई जरा अडखळल्या. म्हणाल्या, "हिला लहानपणापासून सांगितलंय, की घरच्यांनी हिला चटके दिले. तरी ती आली. एकदा विचारायचंय म्हणते, का दिले?"

अगं आई गं! देवीसमोर, भर उन्हात, लाज सोडून मी पदर बाजूला केला आणि माझा डाग तिला दाखवला. "छळलं नाय गो तुला. मरत व्हतीस, आजीने वाचवलं." बाईंनी तिच्या भाषेत सांगितलं. तिने माझ्या डागावरून बोट फिरवलं, मधल्या फटीशी थांबली, मग स्वतःच्या डागावर हात ठेवला. मी बांगड्या काढल्या आणि देवीऐवजी तिच्या हातात भरल्या. एक जरा अडली, बाकीच्या बसल्या.

घरी आल्यावर म्हटलं, "आई, सोनी आली." मी सोनीचा हात तिच्या हातात दिला. तिने बांगड्या चाचपल्या, मग पोट चाचपत डागापर्यंत बोटं नेली. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. तिने एवढंच विचारलं, "अजून दुखतं का गो?"

बाईंनी अर्थ सांगितला. सोनीने नाही म्हणून मान हलवली, मग हो म्हणून हलवली आणि आईच्या मांडीत डोकं घालून लहान पोरीसारखी रडली. त्या दिवशी आईने पेज मागून घेतली.

विमान तिने पुढे ढकललं. नंतर थुंकी तपासून रिपोर्टही आला, बहीणच. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. भात लावणीआधी ती शांतपणे गेली, सोनी उशाशी होती.

गाडीला सावली दुसरीकडेही मिळाली असती, मीही बांगड्या उद्यावर ढकलल्या असत्या. याचा उलगडा मी आता करत बसत नाही. होळीनंतर अजून देवीला बांगड्या नेते. काही मागावं असं ओठांवर येतं, ते गिळते. हात जोडते आणि तेच म्हणते जे तेव्हा भांडताना म्हणाले होते, "बाय, तुझं तू बघ."