मधल्या दोघी

माझे आजवर अकरा सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात कुणीतरी पुढारी माईक हातात घेऊन विचारतो, "ताई, देशासाठी किती गोल मारले?" मी फुटबॉलमध्ये बचावात खेळायचे. गोल होऊ न देणं हेच माझं काम होतं. पहिल्या दोन सत्कारांत हे समजावून सांगितलं, मग नाद सोडला. गेल्या वर्षी शिरूरला आमच्या जुन्या शाळेत झालेल्या सत्काराच्या फ्लेक्सवर चौदा पुढाऱ्यांचे चेहरे होते आणि खाली कोपऱ्यात मी, हातात व्हॉलीबॉल घेऊन.

त्या सत्काराला मात्र मी ठरवून गेले. अट एकच घातली होती. शाळेत माझ्याबरोबर खेळलेली मैत्रीण स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली पाहिजे. "बसवू की ताई, त्यात काय," आयोजक म्हणाले. मला तिला एक गोष्ट सांगायची होती. वीस वर्षं ती मी पोटात दाबून ठेवली होती, आणि ती सांगितल्याशिवाय परत जायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं.

शाळेच्या संघात बचावाच्या मधोमध आम्ही दोघी असायचो. ती माझ्यापेक्षा चांगली खेळायची. हा माझा विनय नाही, विनय माझ्या अंगात कधी नव्हताच. मैदान मुरमाचं, पडलं की गुडघे सोलून निघायचे. मी घसरून चेंडू काढायला कचरायचे, ती कचरायची नाही. शिवाय ती सतत बोलायची. मधल्या दोघींना एकमेकींच्या पाठीमागचं दिसत असतं, ते ओरडून सांगावं लागतं. "तुज्या मागं हाय बग!" असा तिचा आवाज आला की मी न बघता वळायचे.

माझे वडील मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर न्यायचे. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता कुठल्याच मुकादमाला नको असतो. आम्ही दहावीत होतो, दसरा होऊन गेला होता. जेवताना वडील आईला म्हणाले, "एक पोरगा अर्ध्या कोयत्यावर अडकलाय. हिच्याबरुबर खेळती ना, ती पोरगी बगितलीय त्याला. टोळी हालायच्या आत उरकून घिऊ." तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आमच्याकडे कुणी मांडव घालत नाही, पण टोळीची घाई असली की मुहूर्ताला कोण विचारतो. मी ताटात भाकरी चुरत होते. ती चुरतच राहिले.

आमच्या खेळाच्या सरांनी आदल्या वर्षी असंच एक लग्न थांबवलं होतं. ग्रामसेवकाला घेऊन ते पोरीच्या घरी जाऊन बसले आणि लग्न मोडल्याशिवाय उठले नाहीत. हे मला माहीत होतं. आणखीही एक माहीत होतं. पंधरा दिवसांनी राज्याच्या संघाची निवड होती, आणि आपल्या शाळेतून मधली एकच घेतील असं सर म्हणाले होते. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही. त्याची गरजही नव्हती, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

नऊ दिवस मी रोज सरांसमोर उभी राहिले. बूट फाटलेत म्हणाले, शिट्टी शोधून दिली, पाय दुखतोय म्हणाले. तेवढं एक सोडून सगळं बोलले. वडिलांची भीती वाटत होती, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. साफ खोटं. वडिलांनी मला कधी मोठ्या आवाजात हाकसुद्धा मारली नव्हती. दहाव्या दिवशी ती शाळेत आली नाही. सर तिच्या घरी गेले, तेव्हा लग्न उरकून टोळी ट्रकमध्ये बसून निघून गेली होती.

निवडीत मधली एकच घेतली. मला घेतलं.

पुढे राज्य झालं, देश झाला, परदेशातली हिरवीगार मैदानं झाली, दंडावर कप्तानाची पट्टी आली. हिच्या आवाजावर अख्खी बचावफळी चालते, असं पेपरात छापून आलं. ते कात्रण वडिलांनी फ्रेम करून बैठकीत लावलंय. घरी गेले की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसते. गुडघा निकामी झाला, खेळ सुटला, खेळाच्या जोरावर मिळालेली नोकरी राहिली आणि सत्कार सुरू झाले.

शिरूरला स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत एक माजी सभापती बसले होते. मैत्रीण खाली पायरीशी पाच सवाष्णींत उभी होती, हातात औक्षणाचं ताट. "तुमच्या मैत्रिणीलाच ओवाळायला लावलं, बघा ताई, कसा योग जुळवून आणला!" आयोजक खूश होते. तिने मला कुंकू लावलं. तिच्या बोटांवर कोयत्याचे आणि उसाच्या पात्यांचे इतके वण होते की ती बोटं मला ओळखू आली नाहीत. "लई वाळलीस गं," एवढंच म्हणाली. मग मी स्टेजवर चढले आणि भाषणात वडिलांचे आभार मानले. होय, मानले. तोंडाला सवय झालीय.

भाषणं संपल्यावर पंगती बसल्या. ती आमटी वाढत होती. मी तिच्या हातातली बादली खाली ठेवायला लावली, तिला शाळेच्या मागच्या भिंतीशी नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. जेवताना वडील काय बोलले, सर काय करू शकले असते, मी गप्प का राहिले, सगळं.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पहिल्याच साली फडात तुज्या बापानं सांगितलं. म्हणले, आमच्या पोरीच्या म्होरंच ठरलंय, ती काय बी बोलली न्हाई, म्हंजे तिलाबी पसंत हाय."

तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्याच तयारीने आले होते. ती नुसती पदराला हात पुसत राहिली.

"मंग आज कावून सांगतीस?" तिने विचारलं.

मला हलकं वाटावं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं, आणि ते तोंडातून निघेना. मग जे निघालं ते त्याहून वाईट होतं. "पंधरा-सोळा वर्षांची पोर होते गं मी. तू माझ्या जागी असतीस तर तू काय केलं असतंस?"

तिला विचार करावा लागला नाही.

"सरांला सांगितलं असतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी." आणि आमटी निवायला लागली म्हणून बादली उचलून पंगतीकडे गेली.