नदीपर्यंतची गोष्ट

चांदीपहून निघालो तेव्हा दादाने काशाची थाळी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी धरली होती. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "जेवायला फार लांब चाललात का रे?" दादा हसला. आई खिडकीपाशी आली नि म्हणाली, "ऐकनारा 'हां' म्हनेल तेवढंच सांगा. गप्प मानसापुढं सांगू नका."

थाळीच्या मध्यावर मेणाने एक काडी उभी करायची आणि तिच्यावरून बोटं ओढायची. थाळी घुमू लागते. त्या घुमण्यावर आमच्या वारल्यांत माणूस गेल्यावर त्याची गोष्ट सांगतात. जीव वाट चालत पूर्वजांपर्यंत कसा पोचतो, ती. सांगणारा दादा, प्रत्येक ओळ 'हां' म्हणून झेलणारा मी. मी मॅट्रिक झालेला, थोडं इंग्रजी येणारा, म्हणून इंग्लंडच्या या दौऱ्यावर मला नेलं. वसतिगृहात वाढल्याने गोष्ट मला पुरती येत नव्हती. झेलण्यापुरती येत होती.

लीड्समधल्या हॉलमध्ये लोक फार शांत बसत. "झोपली काय रे ही?" दादा हळूच विचारायचा. आम्हाला तिथे बोलावणाऱ्यांना नेमकी हीच गोष्ट हवी होती, तीही थोडक्यात. दादाने बेत केला, नदीपर्यंतच सांगायची. "नदी उतरला की मागं फिरता येत नाय. आनि इथं मेलंय कोन?" काठावर आलं की तो थाळी खाली ठेवायचा. टाळ्या व्हायच्या.

दौरा संपला. दादा भातकापणीला परतला, मी राहिलो. म्युझियममध्ये काम मिळालं, मग भाड्याची खोली, नाणी टाकल्याशिवाय न पेटणारा हीटर, रविवारची लाँड्री. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघाले त्यांना हे दिवस सांगायला नकोत. दादाने मागे ठेवलेली थाळी घेऊन मी तिथल्या शाळांत जायचो. ओळही मीच म्हणायचो, 'हां'ही मीच, आणि नदीशी थांबायचो. अशी वर्षं गेली.

मग तार आली. दादा गेला होता.

दादाच्या दिवसाच्या, म्हणजे त्याची गोष्ट सांगायच्या विधीपर्यंत मी गावी पोचलो. गावात दुसरा सांगणारा उरला नव्हता. "सायबाला येते की," शेजारचा रामा आजा माझ्याकडे बघून म्हणाला नि झेलायला माझ्या शेजारी बसला. दिवस मावळताना अंगणात थाळी घुमू लागली. मला बरं सांगता येत होतं. दादाचं नाव घेऊन मी त्याला वाटेने नेत होतो. नदी आली, आणि माझ्या हातांनी आपसूक थाळी खाली ठेवली.

टाळ्या नव्हत्या. सगळे माझ्याकडे बघत होते.

"अरे, तो पान्यात पाय घालून उभा आहे," रामा आजा म्हणाला. "तू थांबलास कुठं?"

मला पुढचं येत नव्हतं.

बायकांत बसलेली वहिनी उठली नाही. दादा खळ्यावर राखणीला बसून गुणगुणायचा, ते तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "पानी घोट्याला लागलं."

मी म्हणालो, "हां."

"पानी मांडीला लागलं."

"हां."

"पानी छातीला लागलं." इथे ती थांबली. पुढे पैलतीर होतं. कोणी घाई केली नाही. तिने पदर नीट केला, जमिनीकडे बघितलं नि म्हणाली, "पाय टेकला."

माझ्याने 'हां' म्हणवेना. रामा आजाने कोपराने ढोसलं. "म्हन. अडकवू नको त्याला."

मी म्हटलं.

निघायच्या सकाळी वहिनी तांदूळ पाखडत होती. तिने वर न बघता विचारलं, "तिकडं तुझं कोन सांगील?"

"कोणी नाही."

"मंग आम्ही सांगू. पन गोष्ट आपल्या उंबऱ्यापासनं निघते. तुला आधी इथवर यावं लागेल. तवा विमान नसेल, बघ."

आता घर म्हटलं की मला ना लीड्सची खोली आठवते, ना चांदीपचं अंगण. मेल्यावर आधी जिथवर यायचं ती जागा, एवढाच अर्थ उरला आहे. परतल्यावर मी म्युझियममधल्या मोठ्या नकाशावर ती वाट बोटाने चालून बघितली. मध्ये समुद्र आहे. आमच्या गोष्टीत समुद्राची ओळच नाही.